जात्याची पालथी तळी

खड्डा गुडघाभर झाला आणि कुदळ खणकन वाजली. गिरधर सरांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद पसरला, तो रत्नानं स्वतःच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

"अगं, ये इकडे! बघ काय लागलं!"

रत्ना मागच्या दाराच्या पायरीवर कोथिंबीर निवडत बसली होती. ताट बाजूला ठेवून ती उठली. सर खड्ड्यात उकिडवे बसून दोन्ही हातांनी माती सारत होते. मातीखालून हळूहळू एक काळा गोल दगड वर आला. मधोमध भोक. जात्याची तळी. टाकीचे घाव असलेली दळायची बाजू खाली, गुळगुळीत पाठ वर. पालथी.

रत्नाच्या हातात कोथिंबिरीची एक काडी राहिली होती. ती तशीच हातात राहिली.

"फर्स्ट क्लास!" सर म्हणाले. "मी म्हणतच होतो तळाला काय घालायचं. ही सुलटी करून बसवतो. आयता पाया मिळाला आपल्या फायर पिटला."

पिंपळनेरच्या त्या गल्लीत 'फायर पिट' हा शब्द त्या आठवड्यातच आला होता आणि तो सरांच्या तोंडून आला होता. शाळेत विज्ञान शिकवण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर शिकवायला पोरं उरली नाहीत, म्हणून ते मोबाइलवरचे व्हिडिओ बघून स्वतःच शिकू लागले. आधी गांडूळ खत झालं. मग सोलरचा बंब झाला, त्यात पाणी कोमट व्हायचं आणि सर गरम व्हायचे. आता हे. कुठल्याशा थंड देशातल्या माणसानं अंगणात गोल खड्डा करून, विटा रचून, त्यात जाळ केला होता आणि भोवती खुर्च्या टाकून सगळं घर बसलं होतं. सरांनी तो व्हिडिओ जेवताना बघितला, झोपताना बघितला आणि सकाळी उठून परसात खुंटी ठोकली. खुंटीला सुतळी, सुतळीला खिळा. वर्तुळ असं काढलं की फळ्यावर काढल्यासारखं.

"शेकोटीच ना ही?" रत्नानं विचारलं होतं.

"शेकोटी म्हणजे कुठेही काड्या पेटवणं. हे बांधकाम आहे."

निमित्तही पक्कं होतं. रविवारी समाधान यायचा होता. वापीजवळच्या एका कारखान्यात तो बॉयलरवर होता, पाच महिन्यांनी घरी येणार होता. सून दिपमाला बाळंतपणासाठी धुळ्याला माहेरी होती, दिवस भरत आले होते. इथून तो तिकडे जाणार होता. रविवारी भरताची पार्टी. जळगावहून सरांचे मित्र हिलाल सर हिरव्या वांग्यांची गोणी बसमध्ये घालून देणार, तुरीच्या काड्यांचा भारा आधीच येऊन पडला होता, आणि सरांच्या जुन्या शाळेतले दोघं-तिघं जेवायला.

सगळं जुळून आलं होतं. फक्त खड्डा चुकीच्या जागी होता, आणि हे जगात एकट्या रत्नाला ठाऊक होतं.

ती घरात आली. मोरीत जाऊन हात धुतले, मग पुन्हा धुतले.

समाधानच्या वेळी तिचे दिवस भरले तेव्हा पांझरेला पूर होता. पलीकडच्या दवाखान्याची वाट बंद. सर परीक्षेच्या कामाला साक्रीला अडकलेले. घरात ती, सासू ताईबाई आणि गल्लीतली सुईण. पोरगं झालं, रडलं, सगळं नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ताईबाईंनी तिला हाताला धरून परसात नेलं. न्हाणीच्या मागं, शेवग्याखाली, मातीचा ओला उंचवटा होता. त्यात त्यांनी नातवाची वार, बाळामागून नाळेसकट पडलेली, पुरली होती. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर फुटक्या जात्याची खालची तळी ठेवली होती, पालथी.

"हाई जागा ध्यानमा ठेव," सासू म्हणाली होती. "पोऱ्याना जीव अठे शे. अठे कधी खंदानं नही, कधी इस्तो पाडाना नही. आनि कोणाले सांगू नको. तुना नवरालेबी नही. माणसेस्ना तोंडे मोकळा ऱ्हातस."

रत्ना एकोणीस वर्षांची होती. तिनं मान हलवली. तिथं खणायचं नाही, विस्तव पाडायचा नाही आणि कुणाला सांगायचं नाही, हे आजवर पाळलं. पुढं शेवगा वादळात पडला. न्हाणी पाडून घरात बाथरूम झालं. कंपाउंड बांधताना मुरूम टाकून परस उंच केलं आणि ती तळी कुठं गाडली गेली ते तिलाही कळेना. "असेल तिथं सुखी असेल," असं म्हणून तिनं तो विषय मनात झाकून ठेवला होता. सरांनी एवढ्या मोठ्या परसातून नेमकी तीच जागा निवडावी, याला काय म्हणायचं!

आणि सांगणार कुणाला? सर विज्ञानाचे. शेजारच्या सुनंदाबाईंनी स्कूटीला लिंबू-मिरची बांधली तेव्हा याच घरातून हसण्याचे आवाज गेले होते, आणि त्यातला एक रत्नाचा होता. शाळेच्या महिला मेळाव्यात तिनं अंधश्रद्धेवर भाषण केलं होतं, कलेक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता कुठल्या तोंडानं म्हणायचं की अहो, पोराच्या वारेवर जाळ करू नका? सर हसले असते ते एक वेळ चाललं असतं. पण रविवारी, मित्रांसमोर, भरताच्या पहिल्या घासाबरोबर त्यांनी तो किस्सा रंगवून सांगितला असता. "आमच्या सौभाग्यवतींचं काय झालं माहितीये का..."

म्हणून तिनं दुसरा रस्ता धरला.

"अहो, तिथं वारा फार लागतो. ठिणग्या उडतील."

सरांनी बोट ओलं करून हवेत धरलं. विचार केला. दुपारपर्यंत पश्चिमेच्या बाजूला विटांचे दोन थर वाढले.

"अहो, धूर घरात येईल."

सरांनी जुन्या हापशाचा लोखंडी पाइप आणून बुडाला तिरका बसवला. "हवा खालून गेली की धूर कमी. ज्वलनाला काय लागतं? ऑक्सिजन!"

"जात्याचा दगड तापला की तडकतो. कुणाच्या डोळ्यात उडाला म्हणजे?"

हे खरं होतं आणि सरांनाही पटलं. रत्नाच्या जिवात जीव आला. पण सरांनी तळी तिथून काढली नाहीच. तिच्यावर वाळूचा जाड थर दिला आणि वर वीटभट्टीवरून मागवलेल्या भाजक्या विटा चिकणमातीत बसवल्या. "बरं झालं सांगितलंस. तुझं डोकं चालतं हं अशा गोष्टीत."

शनिवारपर्यंत तिनं इतक्या खोडी काढल्या की तो खड्डा त्या घरातली सगळ्यांत भक्कम वस्तू होऊन बसला. स्वयंपाकघराचा ओटासुद्धा एवढा मजबूत नव्हता.

भिंतीपलीकडून सुनंदाबाई रोज बघत होत्या. "सर, विहीर खंदी ऱ्हायनात का समाधी बांधी ऱ्हायनात?"

समाधी हा शब्द रत्नाच्या काळजात घुसला. ती तरातरा आत गेली आणि समाधानला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्यानं उचलला. मागं यंत्रांची घरघर होती.

"आई, ड्यूटीवर आहे. बोल."

"काही नाही. बरा आहेस ना?"

"बरा आहे."

"भट्टीच्या फार जवळ जाऊ नको."

"आई, माझी नोकरीच भट्टीजवळ आहे."

"व्हिडिओ लाव बरं. तोंड बघू दे."

"कॅमेरा बिघडलाय. रविवारी येतोयच ना. ठेवतो."

कॅमेरा मागच्या वेळीही बिघडलेला होता. रत्ना फोन हातात धरून बसली. खड्ड्यात अजून ठिणगीसुद्धा पडली नव्हती. मग पोराचा आवाज असा का? असा म्हणजे कसा, ते तिला सांगता आलं नसतं. पण आईला आवाजातलं कळतं, नाही कळलं तरी कळल्यासारखं वाटतं, आणि दोन्हींनी झोप सारखीच उडते.

शनिवारी संध्याकाळी सर म्हणाले, "आज जरा पेटवून बघू. माती पक्की होईल."

रत्ना त्या वेळी कढीपत्त्याला नळीनं पाणी घालत होती. काय झालं कुणास ठाऊक, नळी हातातून सुटली आणि तुरीच्या भाऱ्यावर अशी काही नाचली की सगळ्या काड्या चिंब. सर धावत येऊन नळ बंद करेपर्यंत परसात तळं झालं होतं.

"अगं, लक्ष कुठं असतं तुझं?"

"हात ओले होते," रत्ना म्हणाली. एवढं तरी खरं होतं.

सरांनी काड्या सुट्या करून गच्चीवर पसरल्या. "काही हरकत नाही. सकाळच्या उन्हात वाळतील."

रविवारी चहा झाल्यावर सर पिशव्या घेऊन बसस्टँडला निघाले. जळगावची गाडी वेळेवर येणाऱ्यांतली नाही, आणि आली तरी कंडक्टरशी गप्पा मारल्याशिवाय सर गोणी उचलणाऱ्यांतले नाहीत. फाटकाची कडी वाजली तशी रत्नानं पदर खोचला. कुदळ, घमेलं आणि खुरपं घेऊन ती फायर पिटमध्ये उतरली.

तिचा बेत साधा होता. वरच्या विटा काढायच्या, वाळू सारायची, तळी उचलायची. खालची माती घमेल्यात भरून कढीपत्त्याच्या बुडाशी नेऊन ठेवायची. इतक्या वर्षांनी तिथं मातीशिवाय दुसरं काय असणार? पण ती माती जाळाखालून हलली असती. मग विटा पुन्हा रचल्या की कुणाला पत्ता लागायचा नाही. वर पेटवा, भाजा, खा.

पण विटा निघेनात. तिच्याच खोडींनी त्या पक्क्या केल्या होत्या. कुदळीचा घाव घातला की वीट अर्धी फुटायची आणि अर्धी जागेवर राहायची. बांगडी फुटली, नखात माती गेली, घाम डोळ्यांत उतरला. "बांधायला कोणी सांगितलं होतं इतकं चांगलं," ती पुटपुटली, आणि सांगणारी कोण ते आठवून आणखी चिडली. कशीबशी तळी उघडी पडली. खुरप्याचं टोक कडेला घालून ती जोर लावत होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"आई? काय करी ऱ्हायनी?"

मागच्या फाटकात समाधान उभा होता. मित्राच्या टेम्पोनं नवापूरमार्गे लवकर येऊन पोचला होता. खांद्यावर बॅग आणि डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत पांढऱ्या पट्टीत.

रत्ना खड्ड्यातच मटकन बसली. तळीवरच बसली.

"हात?"

"काही नाही गं. थोडी वाफ लागली. वॉल्व्ह..."

"कधी?"

"आई, आधी वर तर ये."

"कधी लागली ते सांग!" तिचा आवाज असा निघाला की भिंतीपलीकडे सुनंदाबाईंचं कपडे धोपटणं थांबलं.

"दिवाळीच्या आधी. महिना होऊन गेला. म्हणून तर व्हिडिओ लावत नव्हतो. तू तिथवर पळत आली असतीस."

रत्नानं मनात मांडणी केली. दिवाळीच्या आधी. तेव्हा तो मेला व्हिडिओसुद्धा सरांनी पाहिलेला नव्हता. खुंटी नव्हती, सुतळी नव्हती, कुदळ खोलीत होती. तिच्या छातीतून इतका मोठा श्वास सुटला की तिलाच लाज वाटली. पोराचा हात भाजलाय आणि आई हुश्श करते आहे! मग ती रडायला लागली. आधी हुश्श झाल्याचं रडली, नंतर हाताचं.

समाधान खड्ड्याच्या काठावर बसला. तिनं त्याची बोटं एकेक करून हलवून बघितली, पट्टीचा वास घेतला, डॉक्टरला शिव्या घातल्या, कारखान्याला घातल्या, त्यालाही घातल्या. आणि मग, लपवायला अंगात बळच न उरल्यामुळे, सगळं सांगून टाकलं. पूर, ताईबाई, शेवगा, पालथी तळी.

तो हसेल म्हणून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो खड्ड्यात बघत होता.

"म्हणजे मी अठे शे?" तो म्हणाला.

"तू समोर बसलास. तिथं माती आहे."

"मग माती कशाला हलवत होतीस?"

रत्नानं नखातली माती काढायला घेतली.

"आणि ते मेळाव्यातलं भाषण? मी पाठ करून घेतलं होतं तुझ्याकडून. 'भगिनींनो, शकुन-अपशकुन...'"

"ते दुसऱ्यांच्या पोरांसाठी होतं," रत्ना म्हणाली.

तो हसला, पण ज्या हसण्याची तिला भीती होती ते हे नव्हतं. उजव्या हातानं त्यानं तिला वर ओढलं. तेवढ्यात पुढचं फाटक वाजलं. सर वांग्यांची गोणी खांद्यावर घेऊन गाणं गुणगुणत येत होते. परसाच्या तोंडाशी गाणं थांबलं.

आठवडाभराची मेहनत विटांच्या तुकड्यांत पडली होती. सरांनी गोणी हळूच खाली ठेवली.

"कुणी केलं हे?"

"मी, नाना," समाधान म्हणाला. "आल्या आल्या बघितलं आणि राहवलं नाही. वारा त्या भिंतीवर आपटून इथं उलटा येतो. ज्वाळा माणसांकडे वळेल. आमच्याकडे असं बांधलं असतं तर इन्स्पेक्टरनं सही केली नसती. तिकडे घ्यायला हवं, बोरीच्या झाडाच्या अलीकडे."

सरांनी पोराच्या हाताची पट्टी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. जवळ येऊन त्यांनी तो हात स्वतःच्या तळव्यावर घेतला आणि धरून ठेवला. मग त्यांची नजर पट्टीवरच थांबली. पट्टी पांढरीशुभ्र होती. दुसरा हातही स्वच्छ होता. तिथून नजर रत्नाच्या कोपरापर्यंत मातीनं भरलेल्या हातांवर गेली, खोचलेल्या पदरावर गेली, फुटक्या बांगडीवर गेली.

रत्नानं मान खाली घातली. आता विचारतील. आता विचारतील आणि सांगावं लागेल.

"हं," सर म्हणाले. "इन्स्पेक्टर नको म्हणतो म्हटल्यावर हलवायलाच पाहिजे."

त्यांनी शर्ट काढून दोरीवर टाकला आणि कामाला लागले. बोरीजवळ नवा गोल आखला, पण या वेळी खुंटी-सुतळी न घेता टाचेनंच. समाधान एका हातानं विटा देत होता, रत्ना माती कालवत होती. या खेपेला तिनं एकही खोडी काढली नाही, त्यामुळे काम झटपट झालं आणि बांधकाम जरा वाकडंच झालं.

"तळीचं काय करायचं?" समाधाननं विचारलं. "इकडे आणू?"

"राहू दे तिथंच," रत्ना पटकन म्हणाली. फारच पटकन.

सर जुन्या खड्ड्यात उतरले. खुरप्यानं उकरलेली माती त्यांनी हातानं दाबून सारखी केली आणि वर मुरूम लोटून खड्डा भरत आणला. मग तळी उचलून त्यावर ठेवली. दळायची बाजू खाली, गुळगुळीत पाठ वर. भोवतीची फट मुरमानं बुजवली, फक्त तळीची पाठ दिसेल एवढी उघडी ठेवली.

कोणती बाजू वर, ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

सर हात झटकत तिच्याजवळून जाताना थांबले.

"लूना घेतली तेव्हा मी ती गाडी इथं शेवग्याखाली लावायचो," ते हळू आवाजात म्हणाले. "एकदा आईनं ती ढकलून दिली होती. आरसा फुटला. चार दिवस बोलली नाही माझ्याशी."

"का ते विचारलं नाही?"

"नाही."

पोरांना जन्मभर 'का' विचारायला शिकवणारा माणूस तो. रत्नाला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळे भरून आले, म्हणून ती वांगी धुवायला निघून गेली.

दुपारी ऊन कलल्यावर नवा जाळ पेटला. गच्चीवर वाळलेल्या काड्या तडतडत जळाल्या, वांग्यांची सालं काळी पडून फुटली, आणि धूर सरळ वर न जाता सुनंदाबाईंनी धुऊन भिंतीवर टाकलेल्या गोधडीकडे गेला. तिकडून ओरडा आला. इकडून सरांनी त्यांना भरीत खायला बोलावलं. त्या आल्या, गोधडीसकट आल्या, आणि ती सगळ्यांना हुंगायला लावून मगच बसल्या. सरांचे मित्र खुर्च्यांवर, खुर्च्या कमी पडल्या तशी सुनंदाबाई पायरीवर. समाधान ताट घेऊन जागा शोधत शोधत गेला आणि जाळापासून लांब त्या तळीवर जाऊन बसला. भाजलेला हात मांडीवर ठेवून उजव्या हातानं भरीत-भाकरी खात राहिला. चेहऱ्यावर जाळाचा उजेड पडत होता, पण आच पोचत नव्हती.

रत्ना त्याला कांद्याची पात वाढायला गेली.

"आई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "दिपमालाच्या वेळी दवाखान्यात ते कुठं जातं?"

"काय?"

"तेच. वार."

"पिवळ्या पिशवीत घालतात म्हणे. गाडी येते, घेऊन जाते." आणि कुठं, ते तिलाही माहीत नव्हतं.

त्यानं घास चावून खाल्ला. "मागितली तर देतील का?"

हे रत्नाच्या डोक्यातच आलं नव्हतं. "विचारून बघ. पण नानांना..." ती थांबली. जाळापाशी सर हातात चिमटा घेऊन मित्रांना ऑक्सिजन समजावून सांगत होते. "बरं, नानांसमोरच विचार."

ती कांद्याची पात हातात धरून उभी राहिली आणि परसावरून नजर फिरवू लागली. बोरीजवळ आता जाळ. कढीपत्त्याखाली रोजचं पाणी. भिंतीलगत सुनंदाबाईंच्या मांजरी. कोपऱ्यात सरांचं गांडूळ खत. आणि सरांनी पुढच्या महिन्यात कुठला व्हिडिओ बघितला म्हणजे?

एवढं मोठं परस, पण नातवंडासाठी धड जागा म्हणून कुठं दिसेना.